वेसाव्याची मथुरा मिनिकॉयला जाते

मथुरेला मुलगा नव्हता. एकच मुलगी, शेवंती, आणि तिच्या पाठीवर काही झालं नाही. वेसाव्याच्या कोळीवाड्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, तरी तिला ती आठवण करून दिल्याशिवाय कोणाला चैन पडत नसे. विहिरीवर एखादी म्हातारी हात धरायची आणि म्हणायची, "देवानं सगळं दिलं गो तुला, एक वंशाचा दिवा तेवढा नाय दिला."

मथुरा हात सोडवून घ्यायची. "दिवा नाय तर कंदील दिलाय. उजेड पडल्याशी कारण."

ती अशीच होती. अंधेरीच्या बाजारात वीस वर्षं एकाच जागी बसून मासळी विकलेली बाई. समोर वकील येवो नाहीतर फौजदार, तिची मान कधी खाली गेली नाही. नवरा महादू तिच्या अगदी उलट. दिवसातून दहा वाक्यं बोलला तर खूप झालं. पण समुद्रावर त्याच्यासारखा तांडेल नव्हता. गावात बोटींना इंजिनं बसायला लागली तेव्हा पहिल्या दहा जणांत महादू होता, आणि इंजिन बिघडलं की आजूबाजूचे लोक त्यालाच हाक मारायचे.

त्या बोटीवरूनच घरात कुरबुर सुरू झाली. सत्तावन्न सालची गोष्ट. गणपती झाल्यावर महादूचा धाकटा भाऊ तुळशीदास एका संध्याकाळी ओटीवर येऊन बसला. त्याला तीन मुलगे.

"दादा," तो म्हणाला, "शेवंती आज ना उद्या लग्न होऊन जाईल. मग बोट कोण चालवणार? माझ्या मधल्याला दत्तक घे. तुझं नाव चालेल, बोट घरातल्या घरात राहील."

महादूनं समुद्राकडे बघितलं. "शिमग्याला सांगतो," एवढंच म्हणाला.

मथुरा आत मासे साफ करत होती. तिला कोणी विचारलं नाही. तुळशीदास वाईट माणूस नव्हता, भावाचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं, आणि हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाला चार शब्द सुनावता येतात. हा आपला खरोखर काळजीनंच बोलत होता. शेवंती एकोणीस वर्षांची, आईसारखीच चलाख, बाजारात आईच्या शेजारी बसून गिऱ्हाइकाला बोलता बोलता पापलेट गळ्यात मारणारी. आणि तिच्याबद्दल घरात बोलणं व्हायचं ते ती कधी जाणार, एवढंच.

डिसेंबरात मच्छीमार खात्याचा एक अधिकारी महादूला शोधत कोळीवाड्यात आला. विद्याधर कर्णिक त्याचं नाव. राहायला मुलुंडला, वय तिशीचं, चष्मा, पायात बूट. वाळूत बूट रुतत होते तरी त्यानं ते काढले नाहीत. केरळच्या पश्चिमेला भर समुद्रात बेटांची एक ओळ आहे, त्यातलं अगदी दक्षिणेकडचं बेट मिनिकॉय, असं त्यानं सांगितलं. तिथले लोक शिडाच्या होड्यांतून कुपा, म्हणजे ट्यूना मासा, मारतात. खात्याला तिथं इंजिनाची होडी चालवून बघायची होती, आणि त्यासाठी इंजिनही कळतं नि समुद्रही कळतो असा तांडेल हवा होता. दीड महिन्याचं काम. बेटावरची सुकी मासळी मुंबईच्या बाजारात खपेल का, तेही बघायचं होतं.

महादूनं मान हलवली. म्हणजे होकार.

"मीपण येणार," मथुरा म्हणाली.

कर्णिक गडबडला. "बाई, कागदात एक तांडेल आणि एक खलाशी एवढंच आहे. बाईमाणसाची तरतूद नाही."

"तर मग करा तरतूद. साहेब, मासा धरायचा ह्यांनी, ते ठीक. पण सुकी मासळी मुंबईत खपेल का, हे ह्यांना विचारणार? ह्यांना घरात मिठाचा डबा कुठला ते ठाऊक नाय. बाजार मी करते."

कर्णिकनं महादूकडे पाहिलं. महादू म्हणाला, "खरं हाय."

आठ-दहा दिवसांनी खात्याचं पत्र आलं. तांडेल एक, आणि खलाशाच्या जागी 'मासळी-बाजाराच्या जाणकार, एक'. शेवंतीनं ते दोनदा वाचून दाखवलं आणि म्हणाली, "जा आय. बाजारातली जागा मी सांभाळते. कोण हलवतं मला तिथून ते बघते."

कोझिकोडपर्यंत रेल्वे, आणि तिथून पुढे जहाज. कर्णिकही बरोबर होता. खात्याची पंचवीस फुटी होडी जहाजाच्या डेकवर दोरांनी आवळून ठेवलेली होती. महादू दिवसातून चारदा जाऊन ते दोर तपासायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी क्षितिजावर एक पांढरा दीपस्तंभ दिसला, मग त्याच्या पायाशी माडांची हिरवी रेघ. जहाज बाहेरच थांबलं. बेटाला लागून पोवळ्याच्या खडकांची लांब भिंत होती, तिच्यावर लाटा फुटून पांढऱ्या होत होत्या, आणि भिंतीच्या आत पाणी पसरलं होतं ते मथुरेनं जन्मात पाहिलं नव्हतं. हिरवं, निळं, मध्येच काचेसारखं. होडीतून आत जाताना ती काठावर वाकून बघत राहिली. वेसाव्याच्या समुद्राला तळ असतो यावर विश्वास ठेवावा लागतो. इथं तो दिसत होता. जांभळे, पिवळे, शिंगांसारखे फुटलेले खडक, आणि त्यांच्यातून हळदीच्या रंगाचे मासे कळपाकळपानं हिंडत होते.

"ह्यातला एक तरी खायचा असेल का?" तिनं विचारलं.

"खाणारीण आली," महादू म्हणाला. घरापासून इतक्या दूर आल्यावर तो थोडा मोकळा बोलायला लागला होता.

किनाऱ्यावर अर्धा गाव जमा झाला होता. बायका पुढे, पुरुष मागे. बायकांच्या अंगात घोट्यापर्यंत लोळणारे लालभडक झगे, डोक्याला रुमाल. त्या सगळ्याजणी मथुरेच्या पायांकडे बघत होत्या. तिचं लुगडं कोळणी नेसतात तसं, कासोटा घालून गुडघ्यापर्यंतच. तिच्या ते लक्षात आलं तेव्हा तिनं पदर खोचला आणि पोटऱ्या ताठ करून उभी राहिली, बघा म्हणावं. एकजण खुदकन हसली. मग सगळ्याच हसल्या, मथुराही हसली, आणि ओळख झाली.

भाषा कोणाची कोणाला येत नव्हती. पण मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जहाजांवर खलाशी म्हणून जात आलेले. इब्राहिम नावाचा पन्नाशीचा एक माणूस वीस वर्षं मुंबईच्या गोदीतून ये-जा करून आता घरी बसला होता. त्याला मुंबईची हिंदुस्थानी चोख येत होती. "मांडवी, भायखळा, सब मालूम," तो म्हणाला. पोवळ्याच्या भिंतीतून होडी आत कशी आणायची हेही त्यालाच चांगलं ठाऊक, म्हणून कर्णिकनं त्याला दुभाषा आणि वाटाड्या दोन्ही करून टाकलं.

उतरायची सोय झाली ती गावच्या बायकांच्या प्रमुखीच्या घरी. त्या बेटावर प्रत्येक गावाला पुरुषांचा एक प्रमुख आणि बायकांची एक प्रमुखी असते. इथली प्रमुखी मरियम, साठीची, अंगानं काटक, नजरेनं धारदार. सगळे तिला दत्ता म्हणत. त्यांच्या बोलीत दत्ता म्हणजे थोरली बहीण.

"आमच्याकडं दत्त हा देव हाय," मथुरा इब्राहिमला म्हणाली. "तीन डोकी असतात त्याला. सांग तिला."

इब्राहिमनं सांगितलं. मरियमनं ऐकून घेतलं, आणि मान वळवून काहीतरी म्हणाली. इब्राहिम हसायला लागला.

"वो बोलती है, ये गांव चलाने को तीन भी कम पडता है."

पहिल्याच संध्याकाळी मरियमच्या अंगणात बायका जमल्या. नारळाचं पाणी झालं, विडे झाले, आणि मग जे सगळीकडे विचारतात तेच विचारणं आलं: मुलं किती?  मथुरेनं एक बोट वर केलं. "एक. मुलगी."

बायकांमध्ये एकदम बोलणं सुरू झालं. एकीनं तिचा दंड दाबला. मथुरेला वाटलं, झालं, इथंही तेच. तिनं इब्राहिमकडे पाहिलं.

"बोलते हैं, अच्छा हुआ," इब्राहिम म्हणाला. "लडकी है, मतलब घर चालू रहेगा."

मथुरेला नीट कळलं नाही. इब्राहिमनं समजावून सांगितलं. इथं घर बाईचं. आईकडून मुलीकडे, मुलीकडून तिच्या मुलीकडे. लग्न झालं की मुलगी कुठं जात नाही. नवरा तिच्या घरी येतो आणि तिच्या घराच्या नावानं ओळखला जातो. स्वतः इब्राहिम तीस वर्षं बायकोच्या घरी होता. मग मरियमनं अंगणाच्या कडेला बसलेल्या एका बाईकडे हात केला. चार मुलगे होते तिला. चारही जण जहाजांवर, चारही कमावते, आणि चौघंही लग्न करून चार घरी गेलेले. मुलगी एकही नाही.

"उसका घर बंद होएगा," इब्राहिम हळू आवाजात म्हणाला, जसं वेसाव्याला मथुरेबद्दल हळू आवाजात बोलत.

मथुरा त्या बाईकडे बघत राहिली. चार मुलगे! वेसाव्याला असती तर लोकांनी पाया पडून हिला मुलगा होण्याचं औषध विचारलं असतं. ती उठली आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन बसली.  तिनं आपल्या चंचीतली सुपारी काढून तिच्या हातावर ठेवली. बाईनं ती घेतली. दोघी बसून राहिल्या.

त्या रात्री मथुरेनं महादूला सगळं सांगितलं. तो चटईवर पडून ऐकत होता.

"घरजावयांचं बेट," तो म्हणाला आणि हसला. "इब्राहिम घरजावई! वीस वर्षं समुद्र फिरलेला माणूस, आणि बायकोच्या घरात पाटावर बसतो." त्यानं कूस बदलली आणि झोपून गेला.

मथुरेला राग आला, पण ती बोलली नाही. नवऱ्याशी बोलण्याची एक वेळ असते, आणि ती अजून आलेली नव्हती.

पुढचे दिवस महादूचे चांगले गेले नाहीत. त्यानं वेसाव्याहून आपलं जाळं आणलं होतं. कर्णिकनं सांगितलं होतं, इथं जाळ्याचं काम नाही, पण महादूला ते पटलं नव्हतं. मासा तिथं जाळं. पहिल्याच दिवशी त्यानं ते भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सोडलं, आणि वर ओढलं तेव्हा त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. पोवळ्याचे खडक वस्तऱ्यासारखे. बेटावरचे पुरुष हसले नाहीत, उलट सभ्यपणे दुसरीकडे बघत राहिले, आणि महादूला तेच जास्त लागलं. संध्याकाळी त्यानं जाळं वाळूत टाकलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसला.

मथुरेनं सुई काढली आणि विणायला बसली. जाळं विणणं हे काही नवऱ्याच्या मानापमानाचं काम नव्हे; फाटलं की शिवायचं. हळूहळू मरियम आली, मग आणखी दोघी. त्यांना जाळं विणणं येत नव्हतं, पण काथ्या वळण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काठाच्या दोऱ्या तुटल्या होत्या तिथं त्यांनी काथ्याच्या दोऱ्या वळून घातल्या. दोन दिवसांत जाळं उभं राहिलं, आणि त्या दोन दिवसांत मथुरा त्यांच्या बोलीतले पंचवीस-तीस शब्द शिकली, त्यातले बरेचसे शिव्या होत्या.

बायकांचं खरं काम होतं मासळीचं. पुरुष कुपा आणून किनाऱ्यावर टाकत. तिथून पुढे तो बायकांचा. त्या तो चिरायच्या, खाऱ्या पाण्यात शिजवायच्या, धुरावर धरायच्या आणि मग दिवसचे दिवस उन्हात वाळवायच्या. शेवटी त्याचा काळाकभिन्न ठोकळा व्हायचा. त्याला मासमीन म्हणत. मरियमनं एक ठोकळा मथुरेच्या हातात दिला आणि ती बघत राहिली. कर्णिकही वही काढून उभा होता. बेटावरच्या माणसांना आशा होती की मुंबईची बाई म्हणेल, पाठवा.

मथुरेनं तो वास घेतला, दातानं तोडून बघितला, दगडावर आपटला.

"साहेब, असा नाय खपणार. मुंबईची बाई ह्याला लाकूड समजून चुलीत घालेल."

कर्णिक कुजबुजला, "बाई, जरा गोड शब्दांत..."

"गोड बोलून हितनं नेलं आणि अंधेरीला कोणी घेतलं नाय, तर ह्या बायकांच्या मेहनतीचं काय?" तिनं इब्राहिमला सांगितलं, "जसंच्या तसं सांग तिला. आणि सांग, मला पाटा दे."

मरियमचा चेहरा क्षणभर घट्ट झाला. पण तिनं पाटा आणवला. मथुरेनं वेसाव्याहून आणलेल्या डब्यातला लाल मसाला काढला, मासमीन कुटून त्याचा चुरा केला, ओला नारळ, मिरची आणि लिंबू घालून वाटलं. जवळ्याची चटणी करतो तशीच. तिनं बोटभर मरियमच्या हातावर ठेवली. मरियमनं ती खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, नाक ओढलं आणि पुन्हा हात पुढे केला.

"चुरा करून, डब्यात भरून पाठवा," मथुरा म्हणाली. "असा चुरा मी स्वतः बाजारात बसून खपवेन. ठोकळा नाय."

कर्णिकनं ते वहीत लिहिलं. मरियमनं मथुरेच्या हनुवटीला हात लावला. खोटं बोलणाऱ्या माणसांना ती घरात ठेवत नसावी.

मग तो दिवस आला. फेब्रुवारीतली सकाळ, समुद्र आरशासारखा. इंजिनाची होडी आतल्या उथळ पाण्यातून बारीक मासळीचं जिवंत आमिष घेऊन बाहेर निघाली. होडीत महादू, इब्राहिम, बेटावरचे चार जवान आणि मथुरा. बाईनं होडीत बसायचं नसतं, असं बेटावर कोणी म्हणालं. वेसाव्यालाही हेच म्हणत. मथुरेनं मरियमकडे पाहिलं. मरियमनं त्या माणसाला दोन वाक्यांत गप्प केलं.

पाखरांचा थवा दिसला तिथं इब्राहिमनं इंजिन मंद करायला सांगितलं. जवानांनी पाण्यावर जिवंत आमिष फेकलं, हातांनी पाणी उडवलं आणि खालून समुद्र उकळायला लागला. कुपा! बांबूच्या काठ्या खाली गेल्या की वर येताना प्रत्येकीला एक मासा. हवेतून भिरभिरत तो होडीत पडे, गळ आपोआप सुटे, काठी परत पाण्यात. महादूनं आयुष्यभर मासा ओढला होता. असा मासा पाऊस पडावा तसा पडताना त्यानं पाहिला नव्हता. थोड्या वेळानं त्यानं सुकाणू इब्राहिमच्या हाती दिलं आणि स्वतः एक काठी घेतली. पहिले तीन मासे निसटले. चौथा मथुरेच्या पायावर पडला. ती ओरडली आणि महादू पोरासारखा हसला.

परतताना वारा फिरला. दुपारपर्यंत आरसा होता तो समुद्र तासाभरात डोंगर झाला. पोवळ्याच्या भिंतीतून आत जायची वाट जेमतेम दोन होड्यांच्या रुंदीची. तिच्या दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधल्या जागेतूनही पांढरं पाणी उसळत होतं. होडी माशांनी भरून खाली गेलेली.

महादूनं इंजिनाला जोर द्यायला हात घातला. जोरानं घुसायचं, लाट मागून यायच्या आत पार व्हायचं. वेसाव्याच्या खाडीत तो असंच करत आला होता.

"नहीं," इब्राहिम म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही. "धीमा. मैं बोलेगा तब."

महादूनं त्याच्याकडे पाहिलं. मथुरेनं दोघांकडे पाहिलं. मग महादूनं हात आखडता घेतला.

इब्राहिम उभा राहिला. सुकाणू पायानं धरून मागे समुद्राकडे बघत तो लाटा मोजत होता. एक गेली. दुसरी. होडी जागच्या जागी नाचत होती, भिंतीचा गडगडाट कानठळ्या बसवत होता, एक जवान डोळे मिटून पुटपुटत होता. मथुरेनं होडीचा काठ धरला. तिला भीती वाटली नाही असं नाही. पण त्या माणसाच्या पाठीकडे बघत असेपर्यंत ती वाढली नाही. पाच. सहा. सातवी लाट सगळ्यांत मोठी, ती खालून गेली आणि पुढे जाऊन फुटली.

"अब!"

महादूनं इंजिनाला जोर दिला. होडी त्या लाटेच्या पाठीमागून सुटली, डाव्या हाताला खडकाचं काळं टोक हातभर अंतरावरून गेलं, आणि एकाएकी सगळं शांत. खाली काचेसारखं पाणी, हळदीचे मासे.

 किनारा जवळ आला तेव्हा महादूनं इंजिन बंद केलं. तो इब्राहिमजवळ गेला आणि त्यानं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग मथुरेकडे वळून म्हणाला, "असा जावई घरात आला तर घराचं काय जाणार हाय?"

मथुरेला कळलं, वेळ आली.

"शेवंतीला विचारू," ती म्हणाली.

शिमग्याच्या चार दिवस आधी ते परत आले. बोट तू सांभाळशील का, असं महादूनं विचारलं तेव्हा शेवंती लगेच हो म्हणाली. मथुरेच्या अंगावरचं ऊन अजून उतरलं नव्हतं, तोच तुळशीदास ओटीवर येऊन बसला. बरोबर त्याची बायको सुगंधा आणि गावचे दोन जाणते होते. कर्णिकही आला होता, खात्याच्या कागदांवर महादूची सही घ्यायला. त्याला चहा देऊन मथुरेनं मुद्दामच बसवून ठेवलं.

"दादा, शिमगा आला," तुळशीदास म्हणाला.

महादूनं घसा साफ केला. मथुरेला ठाऊक होतं, तो घाबरला होता. सात लाटांपेक्षा ही ओटी त्याला अवघड होती.

"बोट शेवंतीची," तो म्हणाला. "घर शेवंतीचं. तिचा नवरा हितं येईल. तुझा मधला गुणाचा हाय, तो खलाशी म्हणून हवा तर मी आनंदानं घेईन. पण दत्तक नाय."

 मग तुळशीदास उसळला. "घरजावई? आपल्या घरात? लोक काय म्हणतील?"

"वीस वर्षं लोक मला म्हणत आले, भावजी," मथुरा म्हणाली. "मी बहिरी नाय झाली. तुमीपण नाय होणार."

"आणि कायद्यात बसतं हे?" एका जाणत्यानं विचारलं.

सगळ्यांनी कर्णिककडे पाहिलं. त्यानं कप खाली ठेवला. "बसतं. छप्पन सालापासून बापाच्या मालमत्तेत मुलीला वाटा आहे. आणि स्वतःच्या कमाईची बोट बाप कोणालाही देऊ शकतो. महादूंना हवं तर मी वकिलाकडे नेतो."

"पण असा मुलगा मिळणार कुठं, जो सासरी राहील?" सुगंधेनं विचारलं, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

दारात शेवंती उभी होती. "मिळालाय," ती म्हणाली.

मथुरेनं मान वळवली. हे तिलाही नवीन होतं.

"ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातला नंदकुमार. तिसरा मुलगा हाय. इंजिनाचं काम करतो. बाबांच्या बोटीचा पंप त्यानंच दुरुस्त केला मागल्या वर्षी. त्याच्या घरात बोट एक आणि मुलगे पाच. दत्तकाचं बोलणं निघालं तेव्हाच मी ठरवलं होतं, बोट सोडून जायचं नाय. हितं यायला त्याला काही लाज वाटत नाय. मी विचारलं."

"तू विचारलंस?" महादू म्हणाला.

"मग कोण विचारणार? तुमी दोघं बेटावर होतात."

कर्णिक मोठ्यानं हसला आणि मग त्याला वाटलं हसायला नको होतं. पण तोपर्यंत महादूही हसायला लागला होता.

तुळशीदास मात्र हसला नाही. तो उठून गेला आणि त्या वर्षी होळीच्या नाचात भावाच्या शेजारी उभा राहिला नाही. मथुरेला ते लागलं. दोन महिने दोन्ही घरांची तोंडं वेगळ्या दिशेला होती. मग वैशाखात शेवंतीच्या हळदीच्या दिवशी सकाळी सुगंधा एकटीच आली, पाटीभर मासळी घेऊन, आणि संध्याकाळी तुळशीदास आला. बराच वेळ मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. नंदकुमार पुढे होऊन त्याच्या पाया पडला तेव्हा तो म्हणाला, "पोहता येतं का रे?"

"येतं काका."

"बघू," तुळशीदास म्हणाला, आणि वाजंत्री सुरू झाली तशी सगळ्यांत आधी नाचायला उतरला.

पावसाळा सरल्यावर बोट पुन्हा समुद्रात गेली. सुकाणूवर महादू, इंजिनाशी नंदकुमार, आणि जाळं ओढायला तुळशीदासाचा मधला. मथुरा आणि शेवंती पहाटेच्या मासळीच्या पाट्या घेऊन अंधेरीला गेल्या. बाजार भरला. नेहमीची एक गिऱ्हाईक बाई आली, मंगळसूत्र घातलेल्या शेवंतीला बघून थबकली आणि म्हणाली, "अगं, लग्न झालं ना तुझं? मग अजून इथंच? सासरी कधी जाणार?"

शेवंती सुरमई उचलून कल्ले दाखवत होती.

"सासरच आलंय हितं राहायला," ती म्हणाली. "बघा ताजी हाय. कापून देऊ का अख्खी नेता?"

बाईनं सुरमई अख्खी नेली.